मातीतील हिरवी शैवाले : जीवन आणि वर्गीकरण

मातीतील हिरवी शैवाले ही जमिनीच्या वरच्या काही मिलिमीटर थरात राहणारी, प्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणारी आणि एकेकटी सहसा नुसत्या डोळ्यांना न दिसणारी वनस्पतीसृष्टी आहे. यांतल्या बहुतेकांची पेशी २ ते २० मायक्रोमीटर व्यासाची असते. मोठ्या आकाराच्या पन्नास पेशी एका ओळीत मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरतो. लाखोंच्या संख्येने वाढल्यावर मात्र त्यांचा थर दुरूनही ओळखू येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बोडीच्या काठावर, जंगलातल्या गाडीवाटेच्या कडेला आणि मातीच्या भिंतींच्या पायथ्याशी हा पातळ हिरवा लेप दिसू लागतो. या भागातील साग, बांबू आणि वाघ यांच्या अभ्यासाला जेवढे लक्ष मिळाले त्याच्या अल्पांशानेही ते या लेपाला मिळालेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण पृथ्वीवरील सगळी जमिनीवरची झाडे ज्या घराण्यातून आली त्याचे जिवंत भाऊबंद याच लेपात सापडतात.

मातीतला प्रत्येक हिरवा थर हिरव्या शैवालांचा असतो असे नाही. काळपट, निळसर झाक असलेले, भिजल्यावर जेलीसारखे फुगणारे पुंजके बहुधा नॉस्टॉकचे असतात. नॉस्टॉक, सायटोनिमा, टॉलिपोथ्रिक्स ही नील-हरित शैवाले. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते आणि नात्याने ती जीवाणूंमध्ये मोडतात. सोनेरी-तपकिरी थर डायाटमांचा असतो. हिरव्या शैवालांची ओळख तीन गोष्टींवरून पटते. त्यांच्या हरितलवकात हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन्ही असतात, साठवणीचे अन्न स्टार्चच्या रूपात हरितलवकाच्या आतच साठते आणि पेशीत सुस्पष्ट केंद्रक असते. आंब्याच्या पानापासून गव्हाच्या रोपापर्यंत सर्व हिरव्या वनस्पतींत हाच साचा आहे.

जमिनीत राहणे शैवालांना सोपे नाही. तळ्यातील शैवालाला पाणी चहूबाजूंनी मिळते; मातीतील शैवालाच्या वाट्याला मातीच्या दोन कणांमधली पाण्याची पातळ चकती येते, आणि तीही उन्हाने काही तासांत आटू शकते. प्रकाश तर मातीत काही मिलिमीटरपलीकडे पोचतच नाही. त्यापेक्षा खोल सापडणाऱ्या जिवंत पेशी पावसाच्या पाण्याबरोबर, भेगांतून किंवा गांडुळांच्या हालचालीमुळे खाली गेलेल्या असतात. तिथे काही सुप्तावस्थेत पडून राहतात, तर काही मातीत विरघळलेली शर्करा व सेंद्रिय आम्ले शोषून अंधारातही काही काळ तग धरतात.

चंद्रपुरात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे आणि उघडी, कोरडी माती हवेपेक्षा बरीच अधिक तापते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे इथल्या मातीतील शैवालाला सुमारे चार महिने वाढायचे आणि उरलेला काळ कसाबसा काढायचा असा वर्षक्रम आहे. त्यासाठी त्यांच्याकडे अनेक उपाय आहेत. पाणी कमी होऊ लागले की पेशीची भित्तिका जाड होते, आत तेलाचे थेंब साठतात आणि हिरवा रंग झाकणारी केशरी-लाल कॅरोटिनॉइड द्रव्ये तयार होतात. ती अतिरिक्त प्रकाशापासून हरितलवकाचे रक्षण करतात. पेशीरसात सुक्रोज, रॅफिनोज, काही वंशांत रिबिटॉल यांसारखी विद्राव्य संयुगे वाढतात. पाणी निघून गेल्यावरही पेशीतील पटले आणि प्रथिने विस्कटू नयेत, हे त्यांचे काम. कित्येक जाती भोवती चिकट बहुशर्करेचे आवरण सोडतात. हे आवरण ओल धरून ठेवते आणि मातीचे बारीक कण एकमेकांना बांधतेही.

अशा सुप्त पेशी किती काळ टिकतात याचा एक जुना दाखला इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रातला आहे. तिथे अनेक दशकांपूर्वी गोळा करून बाटल्यांत बंद केलेली कोरडी माती म्युरिएल ब्रिस्टल यांनी पुन्हा ओली केली आणि तिच्यातून शैवाले वाढल्याचे १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. मातीतील शैवालांचा पद्धतशीर अभ्यास ज्या थोड्या लोकांनी उभा केला त्यांत ब्रिस्टल यांचे स्थान वरचे आहे.

पुनरुत्पादनाच्या रीतीही पाण्याच्या हिशेबाने ठरलेल्या आहेत. क्लोरोकॉकम हा मातीत सर्वत्र आढळणारा गोल पेशींचा वंश आहे. पुरेसे पाणी असेल तर त्याची पेशी आतल्या आत विभागून दोन कशाभिकांचे (पोहण्यासाठीच्या शेपट्यांचे) अनेक चलबीजाणू तयार करते. ते पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून पोहत दुसऱ्या जागी जाऊन स्थिरावतात. पाणी कमी असेल तर तेच बीजाणू कशाभिका न फोडता मातृपेशीतच गोल होऊन राहतात. क्लोरेलाने मात्र पोहण्याची अवस्था पार सोडून दिली आहे. तो फक्त आत पिल्लूपेशी तयार करून भित्तिका फोडतो. क्लॅमिडोमोनास सहसा पोहतच असतो, पण जमीन कोरडी होऊ लागली की कशाभिका टाकून चिकट द्रवात पुंजक्याने बसतो. ज्यावर आज जगभर प्रयोग होतात तो क्लॅमिडोमोनास राइनहार्टी तळ्यातून आलेला नाही. १९४५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्टजवळच्या बटाट्याच्या शेतातील मातीतून तो वेगळा करण्यात आला. मातीतील शैवालांना दुय्यम समजणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

या दोन जिल्ह्यांत मातीतील शैवाले जवळून पाहायची तर मामा तलावाचा काठ ही उत्तम जागा आहे. पूर्व विदर्भात गोंड राजवटीच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या हातून बांधले गेलेले हे मालगुजारी तलाव धानाच्या सिंचनासाठी आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपल्यावर ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. पावसाळा संपला की त्यांचे पाणी हळूहळू मागे सरते आणि दर आठवड्याला गाळाची एक नवी ओली पट्टी उघडी पडते. अशा उघड्या पडणाऱ्या गाळावर भारतात आणि भारताबाहेर ज्यांची नोंद वारंवार झाली आहे ती दोन शैवाले एकमेकांना इतकी सारखी दिसतात की जुन्या अभ्यासकांचीही फसगत झाली. दोन्ही मोहरीच्या दाण्याहून लहान, चकचकीत हिरव्या मण्यांसारखी. दोन्हींच्या खालच्या टोकाला गाळात रुतलेला रंगहीन मुळासारखा धागा. दोन्हींचा सगळा देह म्हणजे आडव्या भिंती नसलेली, अनेक केंद्रके असलेली एकच पिशवी. पहिले प्रोटोसायफन, दुसरे बॉट्रिडियम. आयोडीनचा थेंब टाकला की फरक उघड होतो. प्रोटोसायफनमध्ये स्टार्च असल्यामुळे तो निळाकाळा होतो. बॉट्रिडियममध्ये स्टार्च नसतो, त्यामुळे तो रंग येत नाही. प्रोटोसायफन हे हिरवे शैवाल आहे. बॉट्रिडियम पीत-हरित शैवालांपैकी असून नात्याने डायाटम आणि समुद्रातील तपकिरी शैवाले यांच्या बाजूचे आहे. सारख्या जागेत सारख्या अडचणींना तोंड देता देता दोन परक्या घराण्यांनी एकसारखा आकार घेतला. गाळ वाळू लागला की प्रोटोसायफनच्या पिशवीतील द्रव अनेक तुकड्यांत विभागतो, प्रत्येक तुकड्याभोवती जाड भिंत तयार होते, त्याचा रंग विटकरी होतो आणि या लाल कणांच्या रूपात तो पुढच्या ओलीपर्यंत मातीत राहतो.

तळ्याच्या आटत्या काठाचाच आणखी एक रहिवासी भारतीय विज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. भारतीय शैवालशास्त्राचा पाया घालणारे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये दक्षिण भारतातील ओल्या जमिनीवरून एक नवा वंश वर्णन केला आणि ब्रिटिश शैवालतज्ज्ञ एफ. ई. फ्रिश यांच्या सन्मानार्थ त्याला फ्रिशिएला हे नाव दिले. त्याची रचना मातीतील इतर हिरव्या शैवालांपेक्षा पुष्कळ पुढारलेली आहे. जमिनीत रुतलेले रंगहीन मूलधागे, मातीलगत गाठीसारखे पेशींचे पुंजके, त्यांवरून वर येणारे तंतू आणि मातीच्या वर हवेत फांद्या फोडणारा हिरवा झुपका. कोरड्या दिवसांत वरचा झुपका मरतो. गाठी स्टार्च आणि तेल साठवून जमिनीत टिकून राहतात. हळद-आल्याच्या गड्ड्याचे काम तिथे काही पेशींचा पुंजका करतो. जमिनीत मूळ आणि हवेत शेंडा अशी विभागणी पाहून अनेकांना वाटले की जमिनीवरील वनस्पतींचा पूर्वज असाच काहीसा असला पाहिजे. फ्रिश यांनीही १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात हिरव्या शैवालांची मांडणी देहाच्या आकारानुसार केली होती. पोहणाऱ्या एकपेशी, गोल स्थिर पेशी, साधे तंतू, फांद्यांचे तंतू अशा पायऱ्या लावल्या की फ्रिशिएला आपोआप सर्वांत वरच्या पायरीवर येत असे.

ही पायरी पुढे ढासळली. १९६० आणि १९७० च्या दशकांत जेरेमी पिकेट-हीप्स आणि इतर काहींनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विभागताना पाहिल्या. केंद्रक दुभंगल्यावर दोन पिल्लूपेशींमध्ये भिंत पडायची असते, तेव्हा सूक्ष्मनलिका दोन निराळ्या रीतींनी मांडल्या जातात. काही शैवालांत त्या होणाऱ्या भिंतीला समांतर पसरतात. या मांडणीला फायकोप्लास्ट म्हणतात. जमिनीवरील सर्व झाडांत त्या भिंतीला काटकोनात राहतात; तो फ्रॅग्मोप्लास्ट. फ्रिशिएलात फायकोप्लास्ट सापडला. मूळ-शेंड्याचे सगळे साम्य बाजूला पडले आणि तो झाडांच्या सरळ ओळीतला नाही हे निश्चित झाले. हा निर्णय फ्रिशिएलाचे महत्त्व कमी करत नाही. उलट शैवालांच्या एका शाखेने जमिनीवरच्या राहणीचे प्रश्न झाडांपासून स्वतंत्रपणे सोडवले, हे तो स्वच्छ दाखवतो.

कार्ल मॅटॉक्स आणि केनेथ स्टुअर्ट यांनी १९८४ मध्ये पेशीविभाजन आणि कशाभिकांच्या मुळांची मांडणी यांवर आधारलेले वर्गीकरण मांडले. नंतर आलेल्या डीएनएच्या पुराव्याने त्याचा गाभा उचलून धरला. आज हिरव्या वनस्पतींच्या दोन मोठ्या शाखा मानल्या जातात : क्लोरोफायटा आणि स्ट्रेप्टोफायटा. त्या सत्तर ते शंभर कोटी वर्षांपूर्वी एकमेकींपासून फुटल्या असा अंदाज आहे. मातीत दोन्ही शाखांचे प्रतिनिधी आहेत. म्हणून ‘मातीतील हिरवी शैवाले’ हे एका कुळाचे नाव नाही, एका वस्तीचे नाव आहे; वर्गीकरणात ही मर्यादा सतत सांभाळावी लागते.

क्लोरोफायटातील दोन वर्ग मातीत प्रबळ आहेत. क्लोरोफायसी या वर्गात क्लोरोकॉकम, क्लॅमिडोमोनास, ब्रॅक्टिॲकॉकस, प्रोटोसायफन, फ्रिशिएला आणि इडोगोनियमचा जमिनीवर राहणारा नातलग इडोक्लॅडियम हे वंश येतात. ट्रेबॉक्सिओफायसी या वर्गात क्लोरेला, स्टायकोकॉकस, कॉकोमिक्सा आणि दगडफुलांच्या आत बुरशीबरोबर राहणारा ट्रेबॉक्सिया. दोन वर्गांतला फरक कशाभिकांच्या बुडाशी असलेल्या कणांच्या मांडणीत आहे. वरून पाहिल्यास पहिल्या वर्गात ते एकमेकांसमोर किंवा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकलेले असतात, दुसऱ्यात उलट दिशेने. इतका सूक्ष्म फरक वर्गाची सीमा ठरवतो, पण डीएनएही तीच सीमा दाखवते. अल्व्होफायसी हा तिसरा वर्ग मुख्यतः समुद्री. पावसाळ्यात झाडांच्या सालींवर आणि सिमेंटच्या भिंतींवर गडद केशरी मखमलीसारखा दिसणारा ट्रेंटीपोहलिया त्यातलाच.

स्ट्रेप्टोफायटातील मातीतले वंश संख्येने थोडे, पण नात्याने फार जवळचे. क्लेब्सॉर्मिडियम हा फांद्या नसलेला, सहज तुटणारा साधा तंतू जगभर आम्ल मातीत आढळतो. त्याच्या जनुकसंचाचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि झाडांची संप्रेरके व कोरडेपणाला दिले जाणारे प्रतिसाद यांच्याशी संबंधित अनेक जनुके तिथे आधीच असल्याचे दिसले. मिसोटिनियम आणि सिलिंड्रोसिस्टिस हे ओल्या माती-खडकांवर चिकट थर करणारे वंश तळ्यातील स्पायरोगायराच्या वर्गातले, म्हणजे झिग्नेमॅटोफायसीतले. या वर्गात कशाभिका मुळीच नाहीत. दोन पेशी शेजारी येऊन आतला द्रव एकत्र करतात आणि त्यातून जाड भिंतीचा युग्मबीजाणू तयार होतो. सर्व झाडांना नात्याने सर्वांत जवळचा वर्ग हाच, असे आजचे पुरावे सांगतात. मिसोटिनियम आणि याच वर्गातील स्पायरोग्लिया यांच्या जनुकसंचांवर २०१९ मध्ये झालेल्या कामातून असेही मांडले गेले की कोरडेपणा सोसण्यास उपयोगी पडणारी काही जनुके त्यांच्या पूर्वजांनी मातीतील जीवाणूंकडून घेतली असावीत.

बाह्य आकार किती फसवा असतो हे क्लोरेलाच्या इतिहासाने सर्वांत स्पष्ट दाखवले आहे. बेयेरिंक यांनी १८९० मध्ये हा वंश स्थापला. पुढे हिरवा, गोल, कशाभिका नसलेला कोणताही बारीक दाणा दिसला की त्याला क्लोरेला म्हणण्याचा प्रघात पडला आणि शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या.  १९९९ मध्ये रेणवीय तपासणीनंतर त्यातल्या फक्त चारच जाती खऱ्या क्लोरेलात ठेवाव्यात असे सुचवले गेले. उरलेल्या निरनिराळ्या कुळांत, काही तर दुसऱ्या वर्गात गेल्या.

कोणते शैवाल कोठे वाढेल हे मुख्यतः मातीची आम्लता, ओल आणि सावली यांवर ठरते. या दृष्टीने चंद्रपूर-गडचिरोलीची जमीन विलक्षण आहे. पश्चिमेला वरोऱ्याकडे बेसाल्टपासून झालेली काळी, चुनखडीयुक्त कन्हार. राजुरा-कोरपना भागात चुनखडकावरची माती. वर्धेच्या खोऱ्यात कोळसा असलेले गोंडवाना खडक. वैनगंगेच्या पूर्वेला ग्रॅनाइट आणि नीस या अतिप्राचीन खडकांवर तांबडी-पिवळी, हलकी, बरीचशी आम्ल माती. सुरजागडकडे लोहखनिजाचे डोंगर. धान पिकवणारे शेतकरी हलक्या जमिनींना सिहार, खरडी, बर्डी अशा नावांनी ओळखतात. सर्वसाधारण नियम असा की आम्ल मातीत हिरवी शैवाले वरचढ ठरतात, तर उदासीन व अल्कधर्मी मातीत नील-हरित शैवाले आणि डायाटम यांचा वाटा वाढतो. त्यामुळे भामरागड-एटापल्लीकडील माती आणि वरोऱ्याची माती यांची तुलना हा या विषयातील एक फार आशादायक प्रश्न आहे.

जंगलाच्या आत शैवालांची स्थिती वेगळी असते. पावसाळ्यात साग आणि ऐनाच्या दाट छत्राखाली प्रकाश कमी पोचतो आणि पालापाचोळ्याचा थर उरलासुरला अडवतो. म्हणून आलापल्लीसारख्या जुन्या सागवनात शैवाले पाचोळ्याखालच्या मातीपेक्षा उघड्या दरडींवर, वारुळांच्या बाजूंवर आणि ओढ्याकाठी शोधावी लागतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. हा जाळ कधी पसरून वणवा होतो. राखेमुळे मातीची आम्लता उतरते, सावली देणारा थर जातो आणि पहिल्या पावसात त्या काळ्या जमिनीवर शैवाले इतर वनस्पतींपूर्वी येतात. त्यांच्या चिकट द्रवामुळे राखमिश्रित मातीचा काही भाग तरी वाहून जाण्यापासून वाचतो. पण वणवा दरवर्षी लागला तर वरच्या थरातील सुप्त पेशींचा साठाच जळतो.

बांधीत चिखलणी होऊन रोवणी झाली की मातीतील हीच शैवाले पाण्यातील शैवालांशी मिसळतात. धानाच्या शेतात नत्र स्थिर करण्याचे श्रेय नील-हरित शैवालांना आहे; पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भारतीय धानशेतीतील त्यांची ही भूमिका दाखवून दिली. हिरवी शैवाले हवेतील नत्र वापरू शकत नाहीत. ती मातीत दिलेले नत्र व स्फुरद घेऊन वाढतात, मेल्यावर परत देतात, आणि जिवंत असताना बारीक किडे, सूत्रकृमी व एकपेशी प्राण्यांचे अन्न होतात. मात्र स्पायरोगायरा किंवा हायड्रोडिक्टियन यांची दाट चादर कोवळ्या रोपांवर बसली तर नुकसान होते आणि मोरचूद टाकून ती मारावी लागते. आणखी एक तोटा डोळ्यांना दिसत नाही. भर दुपारी शैवाले पाण्यातील कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने घेतात की साचलेल्या पाण्याचा सामू ९ च्या पुढे जाऊ शकतो. त्या स्थितीत युरियापासून झालेला अमोनियम अमोनिया वायू होऊन उडून जातो. युरिया पाण्यावर फेकण्याऐवजी पाणी कमी करून चिखलात मिसळावा या सल्ल्यामागे हे एक कारण आहे.

खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे ही या जिल्ह्यांतील नवी वस्ती आहे. घुग्घुस, दुर्गापूर, सास्ती परिसरात कोळशावरील खडक-माती उपसून रचलेल्या टेकड्यांत सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते. गोंडवाना कोळशात गंधक कमी असल्याने तीव्र आम्लता सहसा मर्यादित राहते. अशा उघड्या ढिगाऱ्यांवर पहिली वस्ती करणाऱ्यांत शैवाले असतात हे जगातील अनेक खाणक्षेत्रांत दिसले आहे. कोठे कोणता वंश आधी येतो यावरून तिथली आम्लता आणि ओल यांचा अंदाज घेता येतो.

या अभ्यासाची भारतीय साधने चांगली आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढलेल्या ग्रंथमालेत एम. एस. रंधावा यांचा झिग्नेमेसी (१९५९), के. आर. रामनाथन यांचा युलोट्रिकेल्स (१९६४), एम. टी. फिलिपोस यांचा क्लोरोकॉकेल्स (१९६७) आणि मुंबईत काम केलेल्या एला गोन्साल्विस यांचा इडोगोनिएल्स (१९८१) हे खंड आजही हाताशी लागतात. विदर्भातील शैवालांच्या नोंदी एन. डी. कामत यांनी केल्या. मात्र हे ग्रंथ आकारावर आधारलेल्या वर्गीकरणाच्या काळातले आहेत. त्यांतील वर्णने विश्वासाने वापरावीत, गण आणि कुळे आजच्या मांडणीशी ताडून घ्यावीत.

मातीतील शैवाल थेट सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे क्वचितच जमते. मातीच्या कणांत सुप्त पेशी फक्त हिरवट-लाल गोळ्यांसारख्या दिसतात. म्हणून निर्जंतुक चमच्याने वरची सेंटिमीटरभर माती घेऊन ती शैवालतज्ज्ञ बोल्ड यांच्या क्षारद्रावणात किंवा अगारवर प्रकाशात ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके उमटतात. एकेक ठिपका सुईने उचलून पुन्हा अगारवर पसरवत शुद्ध वाण मिळवतात आणि मग त्याच्या सगळ्या अवस्था पाहतात : कोवळी पेशी, हरितलवकाचा आकार, पायरेनॉइड (हरितलवकातील प्रथिनकण) आहे की नाही, चलबीजाणू होतात का, त्यांना भित्तिका आहे का, जुन्या संवर्धनात रंग बदलतो का. क्लोरोकॉकम आणि ब्रॅक्टिॲकॉकस यांची प्रौढ पेशी सारखीच गोल; पण पहिल्यात पायरेनॉइड असलेले पेल्यासारखे एकच हरितलवक असते, दुसऱ्यात पायरेनॉइड नसलेल्या अनेक चकत्या. शेवटी १८एस आरएनए, आयटीएस किंवा आरबीसीएल या जनुकखंडांची ओळ काढून नाव पक्के करतात. एकाच जागेची माती मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये अशी दोनदा घ्यावी लागते, कारण मेच्या नमुन्यातून कोरडेपणा सोसून उरलेल्या जाती वाढतात, आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष वाढत असलेल्या जाती ऑगस्टच्या ताज्या मातीतच मिळतात.